नकार आणि मौन

“डेटाबेस कनेक्ट होत नाही” या चार शब्दांची तक्रार माझ्याकडे जितक्या वेळा आली, तितक्या वेळा दुसरी कोणतीही आली नसेल. आणि ती घेऊन येणाऱ्याची प्रामाणिक समजूत अशी असते की, सगळी हकीकत सांगून आपण मोकळे झालो, आता उपाय तेवढा ऐकायचा राहिला. वस्तुतः त्याने अद्याप काहीच सांगितलेले नसते. नोडजेएसवर चालणारे ॲप्लिकेशन आणि त्याचा डेटाबेस यांच्या दरम्यान सर्व्हरच्या नावावरून पत्ता काढणे, त्या पत्त्यावरील नेमक्या पोर्टपर्यंत पोहोचणे, टीएलएसची बोलणी पुरी करणे, वापरकर्त्याची ओळख पटवणे, डेटाबेसकडे जागा मोकळी असणे आणि सरतेशेवटी ॲप्लिकेशनच्या स्वतःच्या पूलमधून एखादे कनेक्शन हाती येणे, असे एकामागून एक टप्पे असतात. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर काम खोळंबले तरी गिऱ्हाइकाला दिसते ते एवढेच, की पडद्यावरचे चक्र फिरते आहे आणि खात्यातली शिल्लक काही दिसत नाही. म्हणून दुसऱ्यांच्या ॲप्लिकेशनांची देखभाल करण्याच्या माझ्या व्यवसायात मी एक शिरस्ता पाडून घेतला आहे: कोणी ही तक्रार सांगू लागले की प्रथम लॉगमधली मूळ ओळ, एक अक्षरही न गाळता, मागवायची. सांगणाऱ्याने तिचा लावलेला अर्थ त्या वेळी कामाचा नसतो.

यंत्र माणसाइतके मोघम बोलत नाही, हे त्या शिरस्त्यामागचे कारण. ‘ईनॉटफाउंड’ हा संकेत असेल, तर सर्व्हरच्या नावाचा पत्ताच लागलेला नाही; नावात एखादे अक्षर चुकलेले असते, किंवा डॉकरच्या नेटवर्कमध्येच चालणारे ‘डीबी’सारखे सर्व्हिसचे नाव कोणी त्या नेटवर्कच्या बाहेर बसून वापरलेले असते. ‘ईकॉनरिफ्यूज्ड’ आणि ‘ईटाइमडाउट’ या दोहोंची मात्र लोक सर्रास गल्लत करतात, आणि माझ्या मते नवशिक्यांचे सर्वांत जास्त तास याच गल्लतीत खर्ची पडतात. वाड्याची कडी वाजवल्यावर आतून “इथे त्या नावाचे कोणी राहत नाही” असे उत्तर येणे, आणि कडी वाजवून वाजवून हात दुखला तरी आत सामसूम असणे, यांत जो भेद आहे तोच या दोन संकेतांत आहे. पहिल्यात आपण यंत्रापर्यंत पोहोचलो, पण त्या पोर्टवर ऐकायला कोणी नव्हते: डेटाबेस बंद आहे, किंवा पोस्टग्रेससाठी ५४३२, मायएसक्यूएलसाठी ३३०६, मोंगोडीबीसाठी २७०१७ हे नेहमीचे क्रमांक कोणी बदलले आहेत, किंवा डेटाबेस फक्त स्वतःच्याच यंत्रावरून येणाऱ्या मागण्या ऐकतो आहे, पोस्टग्रेसचे तर ते मूळ धोरणच आहे, कारण त्याच्या ‘लिसन ॲड्रेसेस’ या सेटिंगचे मूळ मूल्य ‘लोकलहोस्ट’ असते. दुसऱ्यात आपली मागणी वाटेतच कोणीतरी गिळलेली असते, आणि हा गिळणारा बहुधा फायरवॉल असतो. ॲमेझॉनच्या क्लाउडमधील सिक्युरिटी ग्रुप परवानगी नसलेली मागणी नामंजूर झाल्याचेसुद्धा कळवीत नाही, नुसती टाकून देतो. तेव्हा ‘ईटाइमडाउट’ दिसत असताना जावास्क्रिप्टच्या ओळी खालीवर करीत बसणे व्यर्थ होय. ज्या यंत्रावर ॲप्लिकेशन चालते त्याच यंत्रावरून ‘एनसी’ ही कमांड देऊन पोर्ट उघडे आहे की नाही, एवढे पाहावे. आपल्या लॅपटॉपवरून पाहू नये. लॅपटॉपला असलेली मुभा सर्व्हरलाही असेलच असे नाही.

याउलट, पासवर्ड चुकल्याची किंवा, कोणाला आत घ्यायचे ते ठरवणाऱ्या पोस्टग्रेसच्या ‘पीजी-एचबीए-कॉन्फ’ या फाइलमध्ये नोंद नसल्याची ओळ कोणी दाखवली, तर मी त्याचे अभिनंदन करते. तो रागावतो, परंतु डेटाबेस स्वतःच्या तोंडाने बोलू लागला, याचा अर्थ नाव, पोर्ट आणि फायरवॉल यांची रुजुवात आपोआप झाली आणि चौकशीचे क्षेत्र एकदम आकुंचित झाले. पोस्टग्रेस अशा प्रत्येक नकारासोबत पाच अक्षरांचा संकेतांक देतो: २८पी०१ म्हणजे पासवर्ड चुकला, ३डी००० म्हणजे त्या नावाचा डेटाबेसच नाही, ५३३०० म्हणजे जागा संपल्या, आणि नोडमध्ये तो एररच्या ‘कोड’ या प्रॉपर्टीत आयता मिळतो. ‘पीजी-एचबीए’ची ओळ मात्र शेवटपर्यंत वाचावी. तिच्या अखेरीस ‘नो एन्क्रिप्शन’ असे शब्द असले, तर नोंदीपेक्षा टीएलएसचा अभाव हेच खरे कारण असण्याचा संभव अधिक. ॲमेझॉनच्या आरडीएसवर पोस्टग्रेसच्या १५ व्या आवृत्तीपासून एन्क्रिप्शनची सक्ती मूळ सेटिंगमध्येच आहे.

“काल रात्रीपर्यंत चालत होतं, मॅडम, आम्ही कोडला हातसुद्धा लावला नाही,” हे वाक्य ऐकले की पूर्वी मला सांगणाऱ्याचा संशय येई. आता येत नाही, कारण ते पुष्कळदा अक्षरशः खरे असते. नोडची १८ वी आवृत्ती २०२२ मध्ये आल्यावर अशा तक्रारींना ऊत आला. त्यांच्या लॉगमधल्या ओळीत ‘ईकॉनरिफ्यूज्ड’च्या पुढे ‘::१:२७०१७’ असा मजकूर असे, आणि तो काहीतरी छापण्यातला घोटाळा समजून सगळे सोडून देत. वस्तुतः सगळी कैफियत त्या दोन अपूर्णविरामांत आणि एका अंकात होती. ‘लोकलहोस्ट’ या नावाचे पत्ते दोन: जुन्या पद्धतीचा १२७.०.०.१ आणि आयपीव्ही६ चा ::१. नोड आपल्या १६ व्या आवृत्तीपर्यंत जुन्या पत्त्याला पहिला मान देत असे; २०२१ च्या ऑक्टोबरात आलेल्या १७ व्या आवृत्तीने तो पक्षपात सोडला आणि ऑपरेटिंग सिस्टीम ज्या क्रमाने पत्ते देईल त्याच क्रमाने ते घेण्यास आरंभ केला. १७ वी आवृत्ती अल्पायुषी असल्यामुळे पुष्कळांनी १६ वरून थेट १८ वर उडी घेतली. मग ज्यांच्या यंत्रावर ::१ पहिला येत होता आणि मोंगोडीबी मात्र १२७.०.०.१ वरच ऐकत बसला होता, त्यांचे ॲप्लिकेशन एका रात्रीत ठप्प झाले. उपाय एका ओळीचा: ‘लोकलहोस्ट’ न लिहिता १२७.०.०.१ असे स्पष्ट लिहावे. २० व्या आवृत्तीपासून नोड दोन्ही पत्ते आपण होऊन तपासून पाहतो, त्यामुळे ही अडचण बरीच ओसरली; परंतु तिच्या जागी दुसरी आली. दोन्ही पत्त्यांवर नकार मिळाला, तर ते दोन नकार ‘ॲग्रिगेटएरर’ नावाच्या एकाच एररमध्ये बांधून दिले जातात, आणि तिच्या संदेशाची जागा कित्येकदा कोरी असते. ज्यांचा लॉग फक्त संदेश टिपून ठेवतो त्यांच्या दप्तरात मग रिकामी ओळ उमटते. आतल्या ‘एरर्स’ या यादीत दोन्ही नकार आपापल्या पत्त्यांसह शाबूत असतात. म्हणून लॉगमध्ये संपूर्ण एरर उतरवून ठेवावी.

याच जातीची आणखी एक ओळ म्हणजे प्रत्यक्ष कामकाजाच्या सर्व्हरवर दिसणारे ‘ईकॉनरिफ्यूज्ड १२७.०.०.१:५४३२’. डेटाबेस दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या शहरात आहे, मग हा घरचाच पत्ता कोठून उपटला, असा प्रश्न पडायला हवा. पण तो न पडता लोक दुसऱ्या शहरातला तो निरपराध डेटाबेस रीस्टार्ट करतात. पोस्टग्रेससाठी नोडमध्ये वापरतात ती ‘पीजी’ लायब्ररी, होस्ट सांगितला नाही तर ‘लोकलहोस्ट’ आणि पोर्ट सांगितले नाही तर ५४३२ असे परस्पर गृहीत धरते. तेव्हा अपेक्षा परक्या पत्त्याची असताना घरचा पत्ता दिसला की समजावे, एन्व्हायरन्मेंटमधली मूल्ये ॲप्लिकेशनपर्यंत पोहोचलेलीच नाहीत. ही मूल्ये फाइलमधून वाचून देणारी ‘डॉटएन्व्ह’ लायब्ररी आपली फाइल शोधते ती प्रोसेस ज्या फोल्डरमधून सुरू झाली तेथे, आणि टर्मिनलवर बसलेल्या प्रोग्रामरसाठी तेच कोडचेही फोल्डर असल्यामुळे त्याला हा भेद कधी जाणवत नाही. सिस्टिमडी किंवा क्रॉन यांच्या हाती कारभार गेला की तो उघड होतो. केवळ पासवर्डच गळला असेल, तर ओळ अधिक गूढ येते. ती ‘एसएएसएल’ आणि ‘स्क्रॅम’ अशा भारदस्त शब्दांनी सुरू होते आणि ‘क्लायंट पासवर्ड मस्ट बी अ स्ट्रिंग’ अशी संपते. पोस्टग्रेसने १४ व्या आवृत्तीपासून पासवर्डसाठी स्क्रॅम ही पद्धत मूळ ठरवल्यापासून ती वारंवार दिसू लागली. आरंभीच्या भारदस्तपणाला बिचकून लोक सुरक्षेच्या सेटिंगांत शिरतात, आणि पासवर्डच्या जागी काहीच आले नाही हा शेपटीतला साधा अर्थ राहून जातो. पासवर्डात ‘#’ हे चिन्ह असल्यास डॉटएन्व्हच्या १५ व्या आवृत्तीपासून त्याच्यापुढचा भाग टीप समजून गाळला जातो, म्हणून मूल्य अवतरणचिन्हांत ठेवावे. आणि तोच पासवर्ड यूआरएलमध्ये घालायचा झाल्यास ‘एन्कोडयूआरआयकम्पोनंट’मधून काढून मगच घालावा.

येथवर सांगितले ते नकारांविषयी. माझा खरा आक्षेप मौनावर आहे. २०२० च्या एप्रिलात नोडची १४ वी आवृत्ती आली तेव्हा ‘पीजी’ लायब्ररीच्या ८.०.३ पूर्वीच्या आवृत्त्या तिच्यावर चालेनाशा झाल्या, आणि तसे झाल्याची त्यांनी कोणाला दादही लागू दिली नाही. कनेक्ट होण्याची आज्ञा दिली की ती ना सफल होई ना विफल. छोटी स्क्रिप्ट असली तर ती डेटाबेसची गाठ न घेताच निमूटपणे आटोपे आणि जाताना सर्व क्षेमकुशल असल्याचा शून्य हा दाखला देऊन जाई. रात्रीच्या हिशेबाची स्क्रिप्ट अशी आटोपली, तर क्रॉनच्या लेखी काम फत्ते झालेले असते आणि सकाळी हिशेब मात्र कालचाच असतो. म्हणून नोडची आवृत्ती वाढवताना डेटाबेसच्या ड्रायव्हरची आवृत्ती त्याच बैठकीत पाहिली जावी, असा माझा आग्रह असतो. मोंगोडीबीबरोबर वापरली जाणारी मुंगूज ही लायब्ररी गप्प बसत नाही, पण दिशाभूल करते: कनेक्शन झालेले नसतानाही ती मागण्या स्वीकारून साठवून ठेवते आणि दहा सेकंदांनी ‘बफरिंग टाइम्ड आउट’ असे कळवते, तेव्हा ऐकणारा क्वेरी मंद असल्याच्या समजुतीने इंडेक्स घालीत बसतो. कनेक्शन झाल्याची खातरजमा करून मगच ॲप्लिकेशनने पोर्ट उघडावे, म्हणजे हा प्रसंग आरंभीच उघडकीला येतो.

दिवसा चालणाऱ्या आणि रात्री बंद असणाऱ्या कचेऱ्यांत एक निराळाच प्रकार आढळतो. लॉग चाळताना असे दिसते की ॲप्लिकेशन रोज पहाटे तीनच्या सुमारास मरते आणि प्रोसेसांवर देखरेख ठेवणारा पीएम२ त्याला पुन्हा उभे करतो. पहाटे तीनला तेथे काय घडते, याचा शोध घेण्यापेक्षा संध्याकाळी सातला शेवटचा मनुष्य घरी जातो, हे ध्यानात घ्यावे: मायएसक्यूएलच्या ‘वेट टाइमआउट’चे मूळ मूल्य २८,८०० सेकंद, म्हणजे बरोबर आठ तास. तेवढा वेळ निष्क्रिय राहिलेले कनेक्शन सर्व्हर बरखास्त करतो, त्या कनेक्शनवर ‘एरर’ ही इव्हेंट उठते, आणि ती ऐकायला कोणी नेमलेले नसेल तर नोड सबंध प्रोसेसच संपवतो. एकटे कनेक्शन धरून न ठेवता पूल वापरावा, आणि पूलवरसुद्धा ती इव्हेंट ऐकणारा कोणी नेमावा. ॲमेझॉनचा नॅट गेटवे याहूनही अधीर असून ३५० सेकंदांची निष्क्रियताच त्याला पुरते. मग जेवणाच्या सुट्टीनंतरची पहिली मागणी ‘ईकॉनरिसेट’ने परत येते. यावर ‘कीपअलाइव्ह’ चालू करा, असे सर्वत्र सांगितले जाते. ते खरे आहे, पण अपुरे. लिनक्समध्ये पहिला कीपअलाइव्ह संदेश मूळ सेटिंगप्रमाणे ७,२०० सेकंदांनी निघतो, तोवर गेटवेने आपला कार्यभाग उरकलेला असतो. म्हणून हा आरंभीचा अवधी ३५० सेकंदांपेक्षा कमी, असे निराळे सांगावे लागते.

उतावळ्या उपायांविषयी मला फारशी सहानुभूती नाही. सर्टिफिकेटची ओळख पटत नाही म्हणून ‘रिजेक्टअनऑथराइज्ड’ला फॉल्स करून टाकणे, हे त्यांतले सर्वांत लोकप्रिय; तसे केल्यावर कनेक्शन एन्क्रिप्टेड राहते खरे, पण पलीकडे आपलाच डेटाबेस आहे याची हमी नाहीशी होते. जारी करणाऱ्या सेवेकडून सीए सर्टिफिकेटची फाइल घेऊन ती ड्रायव्हरला दिली की काम होते, आणि तिची मुदत कोठेतरी टिपून ठेवावी लागते: आरडीएसच्या २०१९ सालच्या सर्टिफिकेटची मुदत २०२४ च्या ऑगस्टात संपली. मोंगोडीबी ॲटलासच्या परवानगी असलेल्या पत्त्यांच्या यादीत आपल्या सर्व्हरचा पत्ता नाही म्हणून ०.०.०.०/० लिहून साऱ्या जगाला मुभा देणे, हा त्याच कुळातला दुसरा उपाय. तिसरा, दिसण्यात सोज्वळ, तो पुन्हापुन्हा प्रयत्न करण्याचा. डेटाबेस अजून उठतो आहे असे सांगणाऱ्या ५७पी०३ या संकेतांकावर, किंवा डॉकरमध्ये दोन्ही कंटेनर एकदमच सुरू झाल्याने मिळालेल्या ‘ईकॉनरिफ्यूज्ड’वर थांबून पुन्हा विचारणे रास्त आहे; २८पी०१ वर तोच तगादा लावणाऱ्या ॲप्लिकेशनमुळे लॉगमध्ये एका चुकलेल्या पासवर्डाच्या नोंदी ढिगाने साचतात आणि त्यांच्याखाली दुसऱ्या कोणाची खरी तक्रार दबून जाते.

पण या सर्वांपेक्षा दगाबाज उपाय म्हणजे पूलची मर्यादा वाढवणे, आणि तो कसा अंगलट येतो हे मी पश्चिम महाराष्ट्रातील एका सहकारी पतसंस्थेत जवळून पाहिले. हप्ते भरण्याच्या दिवसांत दुपार कलली की तेथील सर्व काउंटरांवरचे पडदे गोठत. रीस्टार्ट केले की पूर्ववत चालत. लॉगमध्ये अवाक्षर नव्हते आणि डेटाबेसच्या यंत्रावर भारही नव्हता. त्यांच्या कंत्राटदाराने पूलची कमाल मर्यादा १० वरून ५० वर नेली. गोठणे लांबणीवर पडले आणि त्या लांबणीचीच सुधारणा म्हणून नोंद झाली. परंतु पीएम२ तेथे एकाच ॲप्लिकेशनच्या चार प्रोसेस चालवीत होता. चार पन्नासे दोनशे, आणि पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० कनेक्शनांची, त्यांतही ३ सुपरयूजरसाठी राखीव. महिनाअखेरीस उरलेल्या जागा राखीव असल्याचा ५३३०० चा नकार आला, आणि तो काउंटरांनाच नव्हे, तर त्याच डेटाबेसवरून ताळेबंद काढणाऱ्या लेखापालांनाही मिळाला, तेव्हा मला बोलावणे आले.

सुपरयूजरच्या राखीव जागेतून आत शिरून मी ‘पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी’ हा तक्ता उघडला. ओळीमागून ओळ ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ या अवस्थेत होती, कित्येकींचा शेवटचा बदल तासांपूर्वीचा, आणि शेवटच्या क्वेरीच्या रकान्यात सर्वत्र तीच एक क्वेरी, कर्जखात्याची बाकी वाचणारी. ती क्वेरी ज्या फंक्शनात होती ते उघडल्यावर फार शोधावे लागले नाही. पूलमधून क्लायंट घेतला जाई, ‘बिगिन’ने ट्रान्झॅक्शन सुरू होई, बाकी वाचली जाई, आणि भरलेली रक्कम बाकीपेक्षा अधिक असेल तर “रक्कम बाकीपेक्षा जास्त आहे” एवढे सांगून फंक्शन तेथूनच परत फिरे. क्लायंट पूलला परत करण्याची ओळ त्याच्या पुढे होती. कारकुनाने गर्दीत एक शून्य जास्त दाबले की एक कनेक्शन कायमचे अडकून पडे. हप्त्यांच्या दिवसांत अशी शून्ये अधिक दाबली जातात, हे ओघानेच आले. ‘पीजी’चा पूल निष्क्रिय क्लायंट दहा सेकंदांनी बंद करतो, पण कोणाच्या हाती दिलेल्या क्लायंटला तो हात लावीत नाही, आणि पूल रिता झाल्यावर रांगेत उभ्या मागणीने किती थांबावे, याचे ‘कनेक्शनटाइमआउटमिलिस’ हे मूळ मूल्य शून्य आहे, म्हणजे अनंत काळ. लॉग कोरा राहिला तो यामुळे.

फंक्शनाची फेररचना सोपी होती: ‘ट्राय’च्या आत काम, गडबड झाल्यास वा मध्येच परत फिरायचे झाल्यास ‘रोलबॅक’, आणि ‘फायनली’मध्ये ‘रिलीज’, म्हणजे बाहेर पडण्याची वाट कोणतीही असो, क्लायंट परत केल्याशिवाय सुटका नाही. पूलची मर्यादा मी पुन्हा १० वर आणली, थांबण्याची मुदत ५ सेकंद ठरवली, पोस्टग्रेसमध्ये उघड्या ट्रान्झॅक्शनला एका मिनिटाची मुदत घातली, आणि पूलचा ‘वेटिंगकाउंट’ दर मिनिटाला लॉगमध्ये उतरेल अशी तजवीज केली. परिणाम असा झाला की पहिल्या आठवड्यात त्रुटींची संख्या वाढली. “पूर्वी नुसतं थांबायचं, आता लाल अक्षरं यायला लागली, हे तर बिघडलं, मॅडम,” असे तेथील व्यवस्थापकांनी फोनवर सुनावले, आणि त्यांच्या बाजूने पाहता ते रास्तच होते. मी मुदत काढली नाही. लाल अक्षरे ज्या वेळी उमटली त्या वेळी डेटाबेसमध्ये कोणत्या क्वेरी अडकून पडल्या होत्या, ते ताडून पाहता मुदतठेवीच्या पावत्या छापणारे एक आणि जामीनदारांची पडताळणी करणारे दुसरे, अशी आणखी दोन फंक्शने सापडली. दोहोंतही ‘रिलीज’ची ओळ व्यवस्थित लिहिलेली होती, ‘रिटर्न’च्या खाली.